बाबांना घेऊन मेटल कॉन्सर्टला: कॅटाटोनिया + सोल्स्ताफिर (वृत्तांत, जरा लांबलाय)

रातराणी७ | १२ फेब्रुवारी २०२३

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी जर्मनीत असते. शहराचं आणि हॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण शेवटी त्यांच्या कोट ठेवायच्या खोलीबद्दल थोडं रडगाणं आहे, उगाच कोणाची बदनामी नको.

तर कॅटाटोनिया आणि सोल्स्ताफिर हे माझे दोन लाडके मेटल बँड या हिवाळ्यात एकत्र युरोप टूरवर आहेत, ओपनिंगला अमेरिकेचा सॉम हा बँड. कळल्या कळल्या मी दोन तिकिटं काढून ठेवलेली, एक माझं एक नवऱ्याचं. नवरा काही मेटलवाला नाही, तो आपला ड्रायव्हर कम हमाल म्हणून येतो आणि मागे बारपाशी उभा राहून क्रिकेटचा स्कोअर बघतो. पण आदल्या रात्री लेकीला ताप भरला. आईबाबा सध्या इकडेच आलेत, तर आई म्हणाली, आम्ही बघतो हिच्याकडे, तू यांना घेऊन जा, नाहीतरी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या गाड्यांवरचा बर्फ मोजतायत.

यांना म्हणजे बाबांना. वय ६८, मिरज, रेल्वेतून रिटायर. गाण्याचं म्हणाल तर लहानपणापासून दर्ग्यातल्या, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतल्या मैफिली रात्र रात्र जागून ऐकलेला माणूस, आणि सतारमेकर गल्लीत रोजची उठबस, त्यामुळे तंबोरा लावताना बघणं हा यांचा टाइमपास. माझ्या बारावीत माझ्या खोलीतून जे काही ऐकू यायचं त्याला ते "पत्रे वाजतायत" म्हणायचे. मी म्हटलं बाबा तीन साडेतीन तास उभं राहायचंय आणि पत्रेच वाजणार आहेत. तर म्हणे चल, घरात बसून तरी काय करतोय.

बाहेर उणे तीन. रांगेत सगळे काळ्या कपड्यात, पॅचेस शिवलेली जाकिटं, आणि मधे बाबा, तपकिरी माकडटोपी, गळ्यात मफलर, हाताला माझे लोकरीचे मोजे (ग्लोव्हज ट्रेनमधे विसरले). आमच्या मागे एक साडेसहा फुटी दाढीवाला होता, तो बाबांच्या टोपीकडे बोट दाखवून खूश होऊन म्हणाला "गाइले म्युत्से!" म्हणजे टोपी एकदम भारी. बाबा मला विचारतात, कोण गायले? आता याचं काय उत्तर देणार, मी हसत सुटले, दाढीवाल्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो, तो सॉरी सॉरी करायला लागला. दारात सिक्युरिटीवाल्याने बाबांच्या खिशातली बडीशेपेची डबी काढली, उघडून वास घेतला, दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही घेतला, मग बाबांनी स्वतः एक चिमूट खाऊन दाखवली आणि त्या दोघांनाही दिली. आत सोडलं. ही डबी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सॉमबद्दल फार नाही लिहीत, अर्धा तास वाजवलं, गिटारींचा जाड पडदा आणि त्यामागे हळुवार आवाज, चांगलं होतं पण मी तेव्हा बाबांना बसायला जागा शोधत होते. बाजूला बाल्कनीच्या जिन्याच्या पायऱ्या होत्या तिथे त्यांना बसवलं, कानात त्या नारिंगी फोमच्या गुंडाळ्या घालून दिल्या. बारवर फुकट मिळतात त्या.

आता माझी खरी भीती सांगते. हे बँड माझे हेडफोनवाले बँड आहेत. रात्री साडेअकराला सगळे झोपले की लाइट बंद करून ऐकायचे. हे असं संगीत हजारभर माणसांत, बिअरच्या वासात, शेजारचा मोबाइल वर धरून शूट करत असताना चालतं का? म्हणजे थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) असेल तर प्रश्नच नाही, ढकलाढकली हाच तिथला मुद्दा. पण ज्या गाण्यात पहिली चार मिनिटं काहीच घडत नाही, नुसतं एक वातावरण साचत जातं, ते गर्दीत साचतं का सांडून जातं?

सोल्स्ताफिर आले. आइसलँडचे चौघं, टोप्या, बूट, लेदर, एकदम काऊबॉय थाट. प्रकाश सगळा मागून, पुढून जवळपास काहीच नाही, त्यामुळे धुरात नुसत्या आकृत्या. बेसवाला वेण्या घालतो. पहिल्याच गाण्यात एक गिटार एकाच सुरावर घोटत बसली, दुसरी तिच्यावर हळूहळू चढत गेली, ड्रम्स आले ते सुद्धा घाई नाही, बैलगाडीच्या चालीने. आणि मला कळलं की सांडत नाहीये. उलट घरी जे कानात असतं ते इथे बरगड्यांत होतं. पँटचं कापड हलत होतं हो! हजार माणसं गप्प. गाणं संपल्यावर सुद्धा शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी टाळी वाजवली नाही, हे मी पुण्यात फक्त सवाईला बघितलंय आणि तिथेही मागून कोणीतरी वडापावचा कागद चुरगाळतोच.

बाबांकडे बघितलं तर त्यांनी एका कानातलं बोळं काढून हातात धरलेलं आणि मान वाकडी करून ऐकतायत. मी जाऊन ओरडून विचारलं, त्रास होतोय का? तर ते माझ्या कानात ओरडले, "जवारी उघडी आहे याची!"

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

शेवटच्या गाण्याला गायक (आदाल्ब्योर्न, पूर्ण नाव टाइप करण्यात अर्थ नाही) खाली उतरून बॅरिकेडवर चढला, लोकांचे हात धरून त्यावरून चालत गेला. सूर लागत नाही तिथे तो चक्क ओरडतो. बाबांचं मत: ओरडतो, पण समेला जागेवर येतो.

मग कॅटाटोनिया. माझा मुख्य बँड खरं तर. नवा अल्बम २० जानेवारीला आलाय, म्हणजे तीनच आठवडे झालेत, तरी लोकांना नवीन गाण्यांचे शब्द पाठ. गायक योनास रेंक्से नेहमीप्रमाणे तोंडावर केस सोडून उभा. बाबा: हा तोंड का लपवतो, पैसे घेतलेत का कोणाचे? पहिल्या तीन गाण्यांना त्याचा आवाज मिक्समधे दबला होता, हॉलचाच प्रॉब्लेम असावा, मी जागा बदलून साऊंडच्या टेबलासमोर गेले तेव्हा कुठे नीट ऐकू आलं. (नव्या लोकांसाठी टीप: पुढे घुसू नका, साऊंडवाल्याच्या आसपास उभं राहा, तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येतं.) वाजवलं सुरेख, एकदम घोटीव, पण खरं सांगू, त्या दिवशी सोल्स्ताफिरने बाजी मारली. कॅटाटोनिया अजूनही हेडफोनमधेच जास्त माझे आहेत. बाबा कॅटाटोनियाला पेंगले. ते म्हणतात डोळे मिटून ऐकत होते. घोरत पण होते.

आणि आता रडगाणं. बाबांच्या कोटाचं टोकन हरवलं. काउंटरवरच्या बाईने सांगितलं सगळा हॉल रिकामा होईपर्यंत थांबा, उरेल तो कोट तुमचा. नियम असेल, मान्य, पण बाहेर उणे तीन आणि माणूस ६८ वर्षांचा, एक खुर्ची तरी द्याल. चाळीस मिनिटं उभे. शेवटची ट्रेन गेली. सगळं आवरल्यावर बाबांनी बडीशेप काढायला डबी उघडली, आत टोकन. काय बोलणार. पुढची ट्रेन पहाटे सव्वाचारला, तोपर्यंत स्टेशनवर मशिनचा बेचव चहा पीत बसलो आणि बाबा मला जवारी म्हणजे काय ते समजावत होते. ते पुढे प्रतिसादात लिहीन, आता लेक उठली.

पेठेतला_मेटलहेड | १२ फेब्रुवारी २०२३

काय लिहिलंय!! "जवारी उघडी आहे" हा टीशर्ट छापायला हवा, पहिला मी घेणार.

गर्दीत साचतं का हा प्रश्न मलाही पडलेला, पण पुण्याच्या वीकेंडर फेस्टिवलला २०१६ ला स्टीव्हन विल्सन आणि २०१९ ला ओपेथ हा बँड बघितल्यावर मिटला. आपल्याकडे प्रॉब्लेम वेगळा आहे. उघड्या मैदानात पाच स्टेज, इकडे ओपेथचा शांत भाग चालू असतो आणि वारा पलीकडच्या स्टेजचा धम धम घेऊन येतो. आणि रात्री दहा म्हणजे दहा. इकडे आत्ता कुठे अंधार अंगात मुरायला लागला की घड्याळ बघायचं. तरी डिसेंबरातली ती थंडी, धूळ, आणि ओपेथच्या गायकाचे, ओकरफेल्टचे ते कोरडे विनोद, माझ्यासाठी तेच पंढरपूर.

चिवचिवाट | १२ फेब्रुवारी २०२३

लेखनशैली छान पण मला एक कळत नाही, ६८ वर्षांच्या माणसाला अशा ढणढणाटात नेऊन एका कानातलं बोळं काढू दिलं हे कौतुकाने सांगायचं? आमच्या गल्लीत डीजे लागला की आपण शिव्या घालतो आणि तोच आवाज जर्मनीत लागला की वातावरण? बरगड्यांत वगैरे आमच्याही होतं, मिरवणुकीत.

बेसुरा_बंड्या | १३ फेब्रुवारी २०२३

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कर्णपिशाच्च | १३ फेब्रुवारी २०२३

आयडी काहीही असो, व्यवसायाने कानाचीच माणूस आहे म्हणून लिहिते. चिवचिवाट यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलला रोज ८ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जर्मनीत कार्यक्रमांसाठी एक मानक आहे, त्यात अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि आवाज मोठा असणार असेल तर प्रेक्षकांना कानाचं संरक्षण उपलब्ध करून द्यायचं. ती फुकटची नारिंगी बोळी त्यातूनच आलेली. पण ९९ सुद्धा तीन तास म्हणजे पुष्कळ झालं.

मिरवणुकीतला डीजे आणि हा हॉल यात फरक इतकाच की हॉलमधे कोणीतरी मीटर लावून बसलेला असतो आणि तुम्ही तिकीट काढून, बोळं घालून, स्वतःच्या पायाने जाता. डीजे तुमच्या खिडकीखाली येतो.

आणि बोळं नुसतं कानात टेकवू नका. दोन बोटांत वळून अगदी बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर ओढा, मग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट धरून ठेवा. बाहेरून अर्धं दिसत असेल तर बसलेलं नाही. रातराणी, बाबांना पुढच्या वेळी एका कानाचं सुद्धा काढू देऊ नका, जवारी कितीही उघडी असली तरी.

मंद्र | १३ फेब्रुवारी २०२३

धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. रातराणी, तुमच्या बाबांना एक गोष्ट नक्की सांगा. सोल्स्ताफिरचा २०१४ चा ओत्ता नावाचा अल्बम आहे, तो पूर्ण प्रहरांवर आहे. खरंच. आइसलँडमधे घड्याळं येण्याआधी दिवसरात्रीचे आठ भाग करायचे, एकेक साधारण तीन तासांचा, त्याला ते एय्क्त म्हणतात. आपले अष्टौप्रहरच. अल्बमवर आठ गाणी, मध्यरात्रीपासून सुरुवात, मग ओत्ता म्हणजे पहाटे तीनचा सुमार, मग उठायची वेळ, सकाळचे नऊ असं करत करत रात्री नऊला संपतो. शेतावर घर असायचं, आणि सूर्य अमक्या टेकडीवर आला की अमका प्रहर, अशा खुणा प्रत्येक शेताच्या वेगळ्या. अजूनही तिकडे काही टेकड्यांची नावं त्या प्रहरांवरून आहेत.

आता गंमत बघा. आपल्याकडे रागांना वेळ आहे पण रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, २००० सालचा नियम आहे तो, सरकारने मोजके दिवस बारापर्यंत सूट दिली तरच. त्यामुळे रमणबागेत सवाई रात्रभर चालायचा ते गेलं, आणि त्याबरोबर मैफलीतून मालकंस-ललितची खरी वेळ पण गेली. तिकडे चार टोपीवाले पहाटे तीनचं गाणं रात्री नऊला वाजवतात आणि आपण ललित सकाळी यूट्यूबवर ऐकतो.

बेसुरा_बंड्या | १३ फेब्रुवारी २०२३

मी आत्तापर्यंत तो अल्बम "ओटा" समजत होतो, म्हटलं आइसलँडचे लोक पण स्वयंपाकघरावर गाणी करतात, चांगलंय.

पेठेतला_मेटलहेड | १३ फेब्रुवारी २०२३

@मंद्र, +१००. आणि बंड्या, तू बॅन व्हायला पाहिजेस.

उ_च्चा_र | १३ फेब्रुवारी २०२३

शास्त्रापुरतं: आइसलँडिकमधे दोन स्वरांच्या मधल्या फ चा व होतो, म्हणून सोल्स्ताविर. अर्थ, ढग फाटून खाली उतरणारे उन्हाचे पट्टे. धन्यवाद, मी निघतो.

लोखंडी_चणा | १४ फेब्रुवारी २०२३

कॅटाटोनियाला पेंगले हे वाचून वाईट वाटलं पण समजू शकतो. बाबांना सांगा की हा तोंड लपवणारा बुवा आधी ड्रमर होता, आणि सुरुवातीला गुरगुरायचा पण. घसा गेला म्हणून १९९६ च्या ब्रेव्ह मर्डर डे या अल्बमला गुरगुरायला ओपेथच्या ओकरफेल्टला बोलावलं, आणि मग १९९८ पासून साध्या आवाजात गायला लागला. गळा बिघडला म्हणून गायकी बदलली आणि तीच ओळख झाली, हे बाबांना पटेल, त्यांच्या घराण्यातल्या गोष्टी अशाच असतात.

बाकी कोणी मला सांगेल का, या प्रकारातलं पहिल्यांदा ऐकायचं तर कुठून सुरू करू असं बायको विचारतेय. माझ्या तोंडून आल्सेस्ट निघालं, बरोबर ना?

पेठेतला_मेटलहेड | १४ फेब्रुवारी २०२३

बरोबर. फ्रेंच आहेत म्हटल्यावर वहिनी अर्ध्या तयार होतील. उरलेल्या अर्ध्यासाठी अनाथेमा. ब्लॅक मेटलकडून लगेच सुरुवात नको, संसार आहे.

रातराणी७ | १५ फेब्रुवारी २०२३

सगळ्यांना थँक्यू. चिवचिवाट, तुमचं म्हणणं पोचलं, कान तपासून घेतले बाबांचे, आधी होतं तितकंच आहे, म्हणजे आईचं ऐकू येत नाही आणि चहाचं कपबशी वाजलेलं ऐकू येतं.

जवारीचं राहिलं होतं. स्टेशनवर त्यांनी मला कागदी कपावर दाखवलं. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित उतार असतो, तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते म्हणून तो झणझणीत आवाज, आणि मूळ सुराच्या वर आणखी सूर ऐकू येतात. उतार आणि तारेखालचा दोरा जरा इकडेतिकडे केला की जवारी उघडी किंवा बंद. गल्लीतले कारागीर ती कानाने घासतात, मापाने नाही. त्यांचं म्हणणं, या लोकांनी ते काम विजेवर सोपवलंय. गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाढवला की त्यातून तसेच वरचे सूर सुटतात, आणि एकच तार घोटत राहिलं की ते हॉलभर लोंबत राहतात. "चांगल्या लावलेल्या चार तंबोऱ्यांच्या मधे बसल्यासारखं वाटलं, फक्त तंबोरे भांडखोर." मी इतकी वर्षं डिस्टॉर्शन पेडल वापरतेय, कॉलेजात बँड होता आमचा, मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

मंद्र, तुमची पोस्ट वाचून दाखवली. आधी गप्प. मग म्हणे पहाटे तीन म्हणजे रात्रीचा चौथा प्रहर लागतो, ललितची वेळ, लाव बघू. ते गाणं लावलं. सुरुवातीला बँजो आहे ना त्यात. पूर्ण ऐकलं, नऊ मिनिटं. मग: "ललित नाही. पण जागं ठेवतं." आणि बँजो त्यांना अजिबात पटलेला नाही, बेंजोपार्टीची सवय आहे त्यांना मिरजेत, ते म्हणाले याला वरात काढायची नव्हती तर आणला कशाला.

कर्णपिशाच्च, बोळी बसवायची पद्धत दोघांनाही शिकवली. आई पण शिकली. का ते तिलाच माहीत.

लोखंडी_चणा | २ एप्रिल २०२५

धागा वर काढतोय. गिटारवाला अँडर्स न्यूस्ट्रॉम कॅटाटोनियातून बाहेर पडला, गेल्या महिन्यात जाहीर केलं. १९९१ मधे दोघांनी मिळून सुरू केलेला बँड, आता योनास एकटा उरला. नवीन अल्बम जूनमधे येतोय म्हणे. हा धागा आठवला. रातराणी आहात का?

मंद्र | ३ एप्रिल २०२५

मी आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला गेल्या वर्षी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हाही हाच धागा आठवलेला, लिहायचं राहून गेलं.

रातराणी७ | ६ एप्रिल २०२५

आहे आहे, वाचनमात्र असते हल्ली. न्यूस्ट्रॉमचं वाचून दोन दिवस जुने अल्बम लावले, नवऱ्याने विचारलं कोण गेलं का.

बाबा मजेत. जीआयचं पेपरात आलं तेव्हा त्यांनी कात्रणाचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलेलं "त्या टोपीवाल्यांना कळव". इकडून जाताना त्यांनी बारवरची नारिंगी बोळी खिसा भरून नेली होती हे मला नंतर कळलं. विसर्जनाला मिरजेत स्वागत कमानींखालून एकामागून एक मंडळं, डीजे सकाळपर्यंत, आणि हे दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलेले, कानात बोळी, पाळी वर ओढून, वीस सेकंद बोट धरून, अगदी पद्धतशीर. शेजारच्या काकूंनी मागितली, मग वरच्या मजल्यावर गेली. परवा फोनवर यादी सांगितली, येताना मेथीदाण्याचं काहीतरी औषध आईसाठी, बदाम, आणि त्या बोळ्यांचं मोठं पाकीट, दोनशेचं मिळालं तर बघ.